परत उडणारं यान लाँचसाठी तयार करणं आणि इंधनगळती शोधणं : सुरुवातीपासून सगळं

जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला ज्या फाल्कन ९ रॉकेटवरून जाणार होते त्याचं ११ तारखेचं लाँच थांबलं, कारण पॅडवर इंजिनं सात सेकंद चालवून बघितली तेव्हा इंजिनांच्या कप्प्यात द्रव ऑक्सिजन गळताना सापडला. बातमी तेवढ्यावरच संपली. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, तो बूस्टर (रॉकेटचा खालचा, परत येऊन उतरणारा भाग) आधी एकदा उडून आलेला होता आणि ही गळती त्या आधीच्या उड्डाणात, परत येतानाच दिसली होती, मधल्या दुरुस्तीत ती नीट निघाली नाही. मग दुरुस्ती झाली, मध्ये स्पेस स्टेशनच्या रशियन भागातल्या हवागळतीचं प्रकरण आडवं आलं आणि शेवटी २५ जूनला यान गेलं.

वापरलेल्या यानाचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं. नवीन यानाला फक्त कारखान्यातल्या चुका असतात, वापरलेल्याला त्या असतातच, वर मागच्या उड्डाणातले धक्के, उष्णता, मीठ, आणि तुम्ही स्वतः उघडून परत बंद केलेला प्रत्येक जोड. गळती बहुतेक वेळा तिथेच निघते जिथे कुणाचा तरी हात लागलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना हे डोक्यात ठेवा. लिक्विड इंजिनवर काम करणाऱ्या कॉलेजच्या टीम असोत की नुसते लाँच बघणारे लोक, दोघांनाही उपयोग होईल असं लिहायचा प्रयत्न आहे.

पायरी १ : उतरल्यावर आधी सुरक्षित करा

उतरलेल्या यानात इंधन उरलेलं असतं, दाबाखालचा हेलियम असतो, कधी विषारी द्रव असतात. नासाचं परत परत वापरलं जाणारं यान, म्हणजे स्पेस शटल, उतरलं की आधी गॅस हुंगणारी यंत्रं घेतलेली, पूर्ण संरक्षक सूट घातलेली माणसं जवळ जायची, हायड्राझिन, अमोनिया, हायड्रोजन यातलं काही हवेत नाही हे कळल्यावरच बाकीच्यांना परवानगी. दाब उतरवा, उरलेलं काढा, लाइन नायट्रोजनने किंवा हेलियमने धुऊन घ्या, आणि मगच हात लावा.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो. नायट्रोजन हा गॅस सुरक्षित वाटतो कारण तो जळत नाही, वास नाही, विषारी नाही. पण बंद कप्प्यात तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. मार्च १९८१ मध्ये कोलंबिया या शटलच्या पहिल्या उड्डाणाच्या थोडंच आधी मागचा, इंजिनांचा कप्पा नायट्रोजनने भरलेला असताना कामगार आत गेले आणि त्यात जीव गेले. ऑक्सिजन मीटर अंगावर लावल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय कुठल्याही पर्ज केलेल्या, म्हणजे असा गॅस सोडून धुतलेल्या, जागेत डोकंसुद्धा घालायचं नाही. यात सवलत नाही, घाई असली तरी नाही.

पायरी २ : पाना उचलायच्या आधी डेटा वाचा

ही पायरी लोक सर्वात जास्त टाळतात. यान समोर आलं की उघडायची घाई होते. पण एकदा जोड उघडला की पुरावा गेला. आधी मागच्या उड्डाणाचे आकडे काढा: इंजिनच्या कप्प्यातलं तापमान कुठे अचानक खाली गेलं का (थंड द्रव गळला की आधी तेच दिसतं), टाकीचा दाब टिकवायला नेहमीपेक्षा जास्त हेलियम लागला का, दोन सारख्या इंजिनांमध्ये एकाचंच वागणं वेगळं आहे का. कॅमेऱ्यात बर्फ किंवा वाफ दिसली तर ती कुठल्या सेकंदाला, म्हणजे इंजिन चालू असताना, बंद झाल्यावर, की वातावरणात परत येताना, हे लिहून ठेवा. हे सगळं एका यादीत घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे कारण सापडेपर्यंत ती ओळ बंद करू नका. "निरीक्षण केलं, पुन्हा दिसलं नाही" हे कारण होत नाही, फक्त तपासताना दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ३ : तपासणी, आणि काय काय उघडलं त्याची वही

बाहेरून बघायचं ते सगळ्यांना माहीत आहे, उष्णताकवच, वेल्डिंग, गंज, केबल. शटलला चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स होत्या आणि प्रत्येकीकडे बघितलं जायचं. आतून बघायला बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा), टर्बोपंपाच्या (इंजिनात इंधन ढकलणाऱ्या पंपाच्या) पात्यांवर तडे आहेत का वगैरे. ऑक्सिजनच्या लाइनमध्ये स्वच्छतेला पर्याय नाही, धातूचा बारीक कण किंवा ग्रीसचा ठिपका वेगाने आलेल्या ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो.

मुद्दा वहीचा आहे. जो जोड उघडला तो त्या क्षणापासून नवीन जोड धरायचा. जुनं सील परत घालायचं नाही. नवीन सीलचा नंबर, बसवायच्या आधीचा फोटो, दोन्ही पृष्ठभाग भिंगाखाली बघितले का, बोल्ट कुठल्या क्रमाने किती टॉर्कवर, कुणी केलं आणि कुणी तपासलं, हे सगळं लिहायचं. आणि जे जोडायचं राहिलं तेही त्या वहीतच दिसलं पाहिजे. जुलै १९९६ मध्ये डीसी-एक्सए नावाचं उभं उतरणारं छोटं रॉकेट छान उडून खाली आलं आणि एक पाय उघडलाच नाही म्हणून आडवं पडून जळून गेलं, कारण त्या पायाची गॅसची नळी जोडायची राहिली होती. त्याच रॉकेटने जूनमध्ये जेमतेम २६ तासांत दुसरं उड्डाण करून दाखवलं होतं, म्हणजे लोक काही कमी हुशार नव्हते.

पायरी ४ : साध्या तापमानाला गळती तपासणी

सगळं जोडलं की आधी कमी दाब द्या, बघा, मग टप्प्याटप्प्याने कामाच्या दाबापर्यंत जा. पद्धती तीन.

पहिली, दाब भरून ठेवायचा आणि कमी होतो का बघायचं. सोपी आहे पण फसवते, कारण तापमान बदललं की दाब बदलतो. समजा टाकीत निरपेक्ष दाब १० बार आहे आणि तापमान ३० अंशांवरून २७ वर आलं, म्हणजे ३०३ केल्व्हिनचं ३०० झालं, तर एक थेंबही न गळता दाब साधारण ०.१ बारने उतरणार. संध्याकाळी भरून सकाळी वाचलं तर गळती नसताना गळती दिसेल आणि उलट दुपारी वाचलं तर असलेली गळती झाकली जाईल. म्हणून तापमान शेजारीच लिहा, नाहीतर तो आकडा फेकून द्या.

दुसरी, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे. मोठी गळती पटकन सापडते. पण ऑक्सिजन सिस्टिमवर त्यासाठी मान्य असलेलाच द्रव वापरायचा आणि नंतर पुसून काढायचा.

तिसरी आणि खरी कामाची, हेलियम आणि मास स्पेक्ट्रोमीटर (कुठला गॅस किती आहे ते ओळखणारं यंत्र). आत हेलियम भरायचा आणि बाहेरून जोडाजोडावर हुंगणारी नळी फिरवायची. हेलियम हलका, वर जातो, त्यामुळे खालच्या जोडाची गळती वरच्या जोडापाशी दिसते आणि लोक चांगला जोड उघडून बसतात. सिग्नल आला की लगेच पाना नको, त्या एकाच जोडाभोवती प्लास्टिकची पिशवी गुंडाळून टेप लावा, थोडा वेळ थांबा, आणि पिशवीत किती हेलियम जमला ते मोजा. शेजारच्या दोन जोडांनाही तशीच पिशवी. आता कुठला गळतोय ते निर्विवाद कळेल आणि किती गळतोय तेही.

पायरी ५ : थंडीची परीक्षा

आता अवघड भाग. साध्या तापमानाला अगदी घट्ट असलेला जोड द्रव हायड्रोजन आल्यावर गळू शकतो आणि हे अपवादाने नाही, नेहमी होतं. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांचा, द्रव ऑक्सिजन उणे १८३ चा. एवढ्या थंडीत ॲल्युमिनियम साधारण ०.४ टक्के आकसतं, स्टेनलेस स्टील ०.३, आणि टेफ्लॉन तब्बल २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५० मिलिमीटरचं टेफ्लॉन सील जवळपास १ मिलिमीटरने लहान होतं आणि त्याला धरून ठेवणारा धातू मात्र त्याच्या पाव भागसुद्धा हलत नाही. बोल्टचा ताणही बदलतो. त्यामुळे "काल हेलियम टेस्टमध्ये पास झालं होतं" या वाक्याला भरताना काही किंमत उरत नाही.

म्हणून लाँचच्या आधी एकदा पूर्ण इंधन भरून सराव करतात, वेट ड्रेस म्हणतात त्याला, आणि काही यानांचं इंजिनही थोडा वेळ चालवून बघतात. भरताना क्रम पाळा: आधी लाइन थंड करायची, मग सावकाश भरणं, मग जोरात, मग टाकी काठोकाठ करणं, आणि शेवटी उडून जाणारं भरत राहणं. सगळ्यात जास्त लक्ष सावकाश भरणं संपून जोरात भरणं सुरू होतं त्या क्षणावर ठेवा. प्रवाह आणि दाब एकदम वाढतो आणि अर्धवट थंड झालेलं सील तिथेच हार मानतं.

आणखी एक, मर्यादा आधी ठरवा. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो आणि त्याला पेटायला अगदी किरकोळ ठिणगी पुरते. शटलच्या टाकीला पॅडशी जोडणाऱ्या प्लेटपाशी हीच ४ टक्क्यांची, म्हणजे ४०,००० पीपीएमची (दहा लाख भागांत ४०,००० भाग) मर्यादा होती. आकडा वाढताना समोर दिसत असताना मर्यादा ठरवायला बसलात तर ती नेहमी सैलच ठरते.

पायरी ६ : गळती दिसली, आता काय

प्रवाह थांबवा, माणसं लांब ठेवा. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास नको, इन्फ्रारेड कॅमेरा बघा. मग लगेच पॅनेल उघडायला धावायच्या आधी यान तसंच असताना माहिती काढून घ्या, कारण गरम झालं की गळती गायब होईल आणि तुम्ही अंधारात चाचपडत बसाल.

गळलेल्या हायड्रोजनचा आकडा कसा वागतोय ते बघा. प्रवाह बंद केल्यावर झटकन उतरला तर गळती भरायच्या बाजूला, म्हणजे पॅडच्या जोडात असायची शक्यता जास्त. प्रवाह बंद असूनही तसाच राहिला तर टाकीच्या बाजूला, यानात. दाब वाढवल्यावर वाढतो पण तापमानाने फरक पडत नाही, तर तडा किंवा भोक. थंड झाल्यावरच येतो, तर सील. व्हॉल्व्ह फिरवतानाच उसळी मारतो, तर त्या व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग. एकेक व्हॉल्व्ह बंद करून सिस्टिमचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला एकट्याने दाब देऊन बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गळती थांबली तर तुम्हाला काय कळलं? काहीच नाही.

क्विक डिस्कनेक्टचं (उडताना पॅडपासून आपोआप सुटणाऱ्या जोडाचं) सील थंडीत हलून गळत असेल तर कधी कधी ते गरम होऊ देऊन, परत थंड करून जागेवर बसवता येतं. नासाच्या चंद्रमोहिमेत, आर्टेमिस १ मध्ये, हेच केलं. ३ सप्टेंबर २०२२ ला आठ इंची हायड्रोजन जोडातून जोरात गळती झाली आणि लाँच रद्द. सील बदललं. २१ सप्टेंबरच्या भरण्याच्या चाचणीत तिथेच पुन्हा गळती आली, तेव्हा जोड गरम होऊ दिला, मग दाब कमी ठेवून सावकाश भरलं आणि आकडा मर्यादेत राहिला.

आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष लाँचच्या रात्री वेगळाच व्हॉल्व्ह गळायला लागला, पॅडच्या तळातला, टाकीत हायड्रोजन पूर्ण भरलेला असताना. तिघांची टीम आत गेली. वर हजारो किलो द्रव हायड्रोजन, यान सारखं कुरकुरतंय, फुसफुसतंय, आणि यांनी तिथे पॅकिंगचे नट आवळले आणि परत आले. बिघाड नेमका कुठल्या नटापाशी आहे हे आधीच माहीत होतं म्हणूनच हे शक्य झालं. "जाऊन बघून येतो" म्हणून भरलेल्या रॉकेटजवळ कुणी जात नाही, जाऊ नये.

पायरी ७ : सील बदललं म्हणजे कारण सापडलं असं नाही

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो.

२००९ मध्ये शटलच्या टाकीच्या त्याच पॅडच्या प्लेटपाशी मार्चमध्ये गळती झाली, सील बदललं, यान गेलं, सगळे खूश. १३ जूनला पुढच्या मोहिमेत तिथेच गळती. सील बदललं. १७ जूनला पुन्हा तिथेच. मग शांतपणे मोजमाप घेतलं तेव्हा कळलं की प्लेट आणि टाकी एकमेकांसमोर नीट सरळ रेषेत नाहीत, थोडी तिरकी बसते, आणि थंड झाल्यावर एका बाजूने फट पडते. मग सरळ बसवण्यासाठी पिनांपाशी वॉशर घातले आणि जरा लवचिक, दोन भागांचं सील लावलं. १ जुलैला टाकी भरून बघितली, कोरडी. १५ जुलैला यान उडालं. सीलचा दोष नव्हताच, ते बिचारं तिरक्या जागेत बसून जेवढं जमेल तेवढं अडवत होतं. म्हणून एकाच जागी दुसऱ्यांदा गळती आली की सीलचा विचार सोडा आणि स्केल, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लेसर जे असेल ते घेऊन जागा मोजा.

दुसरी शक्यता, गळत्या दोन आहेत. १९९० चा उन्हाळा शटलवाल्यांसाठी फार वाईट गेला. मे महिन्यात कोलंबियात हायड्रोजन गळती सापडली, टाकी आणि यानामधल्या १७ इंची जोडात. यान परत आणलं, जोड बदलले, ऑगस्टमध्ये परत पॅडवर. सप्टेंबरमध्ये भरलं तर मागच्या कप्प्यात हायड्रोजन! हायड्रोजन फिरवणारे पंप बदलले, तिसऱ्या इंजिनच्या प्रीव्हॉल्व्हमधलं (इंजिनात इंधन सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधलं) खराब झालेलं टेफ्लॉन सील बदललं, १७ सप्टेंबरला पुन्हा गळती. दरम्यान अटलांटिस या दुसऱ्या शटलमध्येही १७ इंची जोडात, टाकीच्या बाजूला, गळती निघालेली, म्हणजे दोन यानं एकदम जागेवर. शेवटी ३० ऑक्टोबरला मागच्या कप्प्याला पारदर्शक दार बसवलं, आत जास्तीचे सेन्सर आणि कॅमेरे ठेवले, आणि टाकी भरली. गळती नाही. २ डिसेंबरला कोलंबिया उडालं. मोठी गळती चालू असताना छोटी तिच्या आवाजात बुडून जाते, मोठी बंद केल्यावरच ती दिसते. त्यामुळे एक दुरुस्ती झाली की वेळापत्रकात लाँचची तारीख न टाकता आधी पुन्हा एक थंड चाचणी टाका.

पायरी ८ : बाहेर न दिसणारी गळती

व्हॉल्व्ह बंद आहे पण आतून झिरपतोय, बाहेर काहीच येत नाही, हेलियमची नळी फिरवून उपयोग नाही. हे ओळखायचं पुढच्या बाजूच्या दाबावरून आणि तापमानावरून, बंद व्हॉल्व्हच्या पलीकडचा दाब हळूहळू चढतोय किंवा नळी थंड पडतेय का ते बघा.

याला कमी लेखू नका. २० एप्रिल २०१९ ला स्पेसएक्सच्या माणसं नेणाऱ्या क्रू ड्रॅगनचं, अंतराळात जाऊन परत आलेलं कॅप्सूल जमिनीवरच्या चाचणीत फुटलं. एका चेक व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) नायट्रोजन टेट्रॉक्साइड, म्हणजे इंधन जाळायला लागणारा विषारी द्रव, हेलियमच्या नळीत झिरपून बसलं होतं. इंजिनं चालू करायच्या आधी दाब दिला तेव्हा तो द्रव गोळीसारखा पुढच्या टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळला आणि धातूनेच पेट घेतला. त्यानंतर तिथे चेक व्हॉल्व्हऐवजी दाबाने फुटणाऱ्या चकत्या बसवल्या. ज्या दोन द्रवांची किंवा गॅसची भेट व्हायला नको, त्यांच्यामधला प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळी यादी करून तपासा.

विषारी इंधन भरताना घाई तर अजिबात नको. १९८१ मध्ये कोलंबियाच्या दुसऱ्या उड्डाणाआधी नायट्रोजन टेट्रॉक्साइड सांडलं, टाइल्सचा गोंद सुटला आणि साडेतीनशेहून जास्त टाइल्स काढून परत बसवाव्या लागल्या.

पायरी ९ : गळती ठेवून जायचं का?

कधी कधी हो. प्रत्येक सील थोडं गळतंच, शून्य कुठेच नसतं. प्रश्न इतकाच की ती वाढेल का, आणि वाढली तर काय होईल. इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. बोईंगचं माणसं नेणारं यान स्टारलायनर जून २०२४ मध्ये एक हेलियम गळती माहीत असताना उडालं, कारण ती छोटी होती आणि साठा भरपूर होता. पण वर गेल्यावर आणखी गळत्या निघाल्या, थ्रस्टरही (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले, आणि सप्टेंबरमध्ये यान माणसांशिवाय परत आलं. मला विचाराल तर गळतीचा आकार बघून "चालेल" म्हणणं अर्धवट उत्तर आहे, कारण गळती कशामुळे झाली हे कळल्याशिवाय शेजारची तशीच सीलं किती दिवस टिकतील हे सांगताच येत नाही.

दुसरं स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचं सातवं उड्डाण, १६ जानेवारी २०२५. तिथे गळती जमिनीवर नव्हतीच, उडताना जमिनीवरच्या चाचणीपेक्षा कितीतरी जोरात कंपनं आली, इंजिनांच्या वरच्या पोकळीत इंधन गळलं, आग लागली आणि यान नष्ट झालं. म्हणून बंद पोकळ्यांमध्ये हवा खेळती ठेवायची सोय, नायट्रोजनचा पर्ज आणि आग विझवायची व्यवस्था हे सगळं गळती होणारच आहे असं धरून ठेवायचं.

पायरी १० : उडाल्यावर

यान गेलं की पॅडचा अर्धा जोड तुमच्याकडेच उरतो, त्याचं सील त्याच दिवशी काढून भिंगाखाली बघा, कुठल्या बाजूला दाबलं गेलंय, कुठे ओरखडा आहे. काढलेलं प्रत्येक सील, चांगलं असलं तरी, पिशवीत घालून जोडाचा नंबर, तारीख आणि ते कुठल्या दिशेने बसलं होतं त्याची खूण लावून ठेवा, दिशेची खूण लोक हमखास विसरतात आणि मग सील हातात असूनही जागा तिरकी होती की नाही ते कळत नाही. आणि भरताना जे आकडे मर्यादेच्या आत राहिले पण मागच्या वेळेपेक्षा जास्त होते, तेही पायरी २ च्या यादीत टाका, यान परत यायच्या आधी.